पांढरा म्हणजे कोणता पांढरा?

श्रावणात आमच्या गटाने गोधड्यांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. पाऊस होता, म्हणून अंगणात बांधलेल्या निळ्या ताडपत्रीखालीच फोटो काढले. पिवळ्या ठिगळांची गोधडी फोटोत हिरवट दिसली. ती हिरवी समजून एका ताईंनी मागवली आणि रंग वेगळा म्हणून परत केली. जाण्यायेण्याचा खर्च गटाच्या माथी बसला. तेव्हा आम्ही ठरवलं, हे असं का होतं ते समजून घ्यायचं.

आपले डोळे हुशार असतात. दुपारच्या उन्हात असो की रात्री पिवळ्या बल्बखाली, ताटातला भात आपल्याला पांढराच दिसतो. १७८९ साली पॅरिसमध्ये गास्पार मोंज या शास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत हेच दाखवलं. लाल काचेतून पाहिलं तर लाल वस्तू जास्त लाल दिसायला हवी, पण ती पांढरट दिसते! १९०२ साली योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा हिशोब मांडला. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. ज्या रंगाचा उजेड जास्त, त्या पेशी आपली धार कमी करतात.

कॅमेऱ्याला ही समज नसते. रोलच्या काळात उन्हासाठी एक रोल आणि बल्बच्या उजेडासाठी दुसरा रोल मिळायचा. फोटो छापताना रंग बरोबर आला की नाही, हे कशावरून ठरवायचं? अमेरिकेतली कोडॅक कंपनी त्यासाठी छपाईवाल्यांना एका बाईचा फोटो पाठवत असे. पहिल्या बाईचं नाव शर्ली. पुढे बायका बदलल्या, पण कार्डाचं नाव 'शर्ली कार्ड'च राहिलं. या बायका बराच काळ गोऱ्याच होत्या. त्यांचा चेहरा नीट आला की रंग बरोबर, असं मानलं जाई. काळ्या माणसांच्या चेहऱ्याचे बारकावे मात्र फोटोत हरवून जात.

कॅनडातल्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी २००९ साली हा इतिहास लिहिला. त्यांना कोडॅकच्या जुन्या माणसांनी सांगितलं, की फिल्म सुधारायला जोर आला तो चॉकलेटवाल्यांच्या आणि लाकडी फर्निचरवाल्यांच्या तक्रारींमुळे. त्यांच्या मालातल्या तपकिरी छटा फोटोत नीट येत नव्हत्या. म्हणजे माणसांच्या चेहऱ्याआधी मालाची दखल घेतली गेली! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड १९९०च्या दशकात आलं.

आता रोल गेला, मोबाईल आला. मोबाईल आपल्या अंदाजाने रंग ठरवतो, पण ताडपत्रीखाली तो फसतो. म्हणून फोटो सुधारण्याच्या अ‍ॅपमध्ये 'व्हाइट बॅलन्स' असतं. त्यात फोटो पिवळट किंवा निळसर करणारी पट्टी असते. काही अ‍ॅपमध्ये डोळ्यात औषध घालायच्या ड्रॉपरसारखं चिन्हही असतं. तो ड्रॉपर फोटोतल्या पांढऱ्या किंवा राखाडी जागेवर ठेवायचा. मग अ‍ॅप तिथला लाल, हिरवा, निळा सारखा करतं आणि तोच हिशोब सगळ्या फोटोला लावतं. फॉन क्रीसचाच हिशोब हा!

आता आम्ही मालाशेजारी साधा पांढरा कागद ठेवून फोटो काढतो, ड्रॉपर कागदावर टेकवतो आणि मग कागद कापून टाकतो. ताडपत्रीखाली मात्र जात नाही, ओसरीच्या कडेला उजेडात बसतो. ट्यूब आणि ऊन एकत्र येऊ देत नाही, कारण दोन रंगांचे उजेड एका ड्रॉपरने सुधारत नाहीत.

आणि हो, गटाचा फोटो काढतानाही हेच करा. रंग बरोबर करणं वेगळं आणि चेहरा गोरा करणं वेगळं. ते गोरं करणारं बटण आम्ही बंद ठेवतो. शर्लीच्या काळात बरोबर रंग कोणता हे दुसरं कुणी ठरवत होतं. आता ड्रॉपर आपल्या बोटाखाली आहे. गोधडी पिवळी तर पिवळी दिसू द्या, आणि आपण सावळ्या तर सावळ्या.