तळेगांवचें स्थानक आणि जतनाचा प्रश्न

भव्य वास्तू जपाव्यात, याविषयीं आतां फारसा वाद उरलेला नाहीं. मुंबईतील बोरीबंदरचें स्थानक २००४ सालीं जागतिक वारसा ठरलें, तेव्हां कोणास नवल वाटलें नाहीं. परंतु मावळांतील तळेगांवच्या स्थानकाचें काय? वराळ्यासारख्या आसपासच्या गांवांस बाहेरच्या जगाशीं जोडणारें हें दार. त्यास ना घुमट, ना शिल्प. मग येथें जपावयाचें तें काय?

उत्तरासाठीं या मार्गाच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ च्या जूनमध्यें खुला झाला. पण मध्यें बोरघाट आडवा होता. मुंबईची गाडी खोपोलीस थांबे, आणि उतारू पालखींतून, तट्टावरून वा बैलगाडींतून घाट चढून खंडाळ्यास दुसरी गाडी धरीत. ही यातायात १८६३ सालीं संपली. घाटांतील मार्ग सुमारें सोळा मैलांचा, चढ १८३१ फुटांचा, बोगदे २५. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें येतांच वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें काम पुढें चालविलें. १८६१ सालीं चाळीस हजारांवर मजूर तेथें राबत होते. पटकीनें व अपघातांनीं कित्येक दगावले. ॲलिसचें नांव इतिहासांत राहिलें; त्यांचें राहिलें नाहीं.

त्याच घाटांत 'रिव्हर्सिंग स्टेशन' होतें. तेथें इंजिन एका टोकाचें काढून दुसऱ्या टोकास जोडीत आणि गाडी उलट दिशेनें पुढची वाट धरी. १९२९ सालीं नवा मार्ग झाला व त्याचें प्रयोजन सरलें. काम संपलें कीं वास्तु ओस पडते, आणि कामाची माहिती असणारी माणसेंहि हळूहळू सरतात.

तळेगांवास ती भीति नाहीं. ज्या गांवीं पैसाफंडाचा कांच कारखाना १९०८ सालीं निघाला, तेथें गाड्यांची वर्दळ आजहि वाढतीच आहे. स्थानकांच्या नूतनीकरणासाठीं २०२३ पासून अमृत भारत योजना देशभर राबविली जात आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांस सरकता जिना व स्वच्छ निवारा मिळावा, यास कोणीहि सुज्ञ विरोध करणार नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, कोणत्याहि लहान स्थानकाची जुनी भिंत पाडण्यापूर्वीं तिचीं मापें व छायाचित्रें घ्यावीं, आणि निवृत्त सांधेवाले, हमाल, तिकीटबाबू यांच्या आठवणी नांवानिशीं टिपून ठेवाव्या. घाटांतल्या मजुरांचीं नांवें आतां मिळणें कठीण. यांचीं अजून मिळतील. त्यास खर्च थोडा लागतो, परंतु वेळ मात्र हातीं फार नाहीं.