एकसारखी जळणारी विडी आणि छाटीचा न्याय

१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या परंपरेत राजकारण, धर्म, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय शोभतात. तेथे आम्ही विडीसारखी दीड बोटाची वस्तू हाती घेऊन उभे राहिलो, तर काही श्रोत्यांना ते औचित्यभंगासारखे वाटेल. प्रारंभीच सांगून टाकतो की, आम्ही तंबाखूची भलामण करावयास आलेलो नाही. विडीने ओढणाऱ्याची छाती जाते, आणि वळणाऱ्याच्या नाकातोंडात दिवसभर तिची धूळ जाते. याविषयी आता कोणाला शंका उरलेली नाही. आमचा प्रश्न निराळाच आहे. विडी एका बाजूने जळत गेली, तर दोष कोणाचा आणि भुर्दंड कोणी सोसावयाचा? या प्रश्नाचा इतिहास आपल्या देशातील न्यायाच्या इतिहासाचे एक लहानसे, पण बोलके पान आहे.

विडी एकसारखी जळते म्हणजे काय होते, ते आधी पाहू. बाहेर पान, आत तंबाखू. दोहोंनी एकाच चालीने जळत मागे सरकावे, एवढीच अपेक्षा. तंबाखू सैल भरली, तर विस्तव आतून पुढे पळतो आणि पानाची नळी मागे उरते. ती ठासून भरली, तर वाराच खेळत नाही. दोन झुरक्यांत विडी विझते. एका अंगाला पानाची जाड शीर आली किंवा एक अंग ओलसर राहिले, तर ते अंग मागे राहते, दुसरे पुढे जाते आणि विडी तिरकी जळते. परदेशी चिरुटाची, किंवा आपल्याकडच्या त्रिचनापल्लीच्या चिरुटाची, गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. तेथे बाहेरचे वेष्टनही तंबाखूच्याच पानाचे असते, एवढाच फरक. वळणाऱ्याच्या हाताची परीक्षा दोन्हीकडे सारखीच.

पण हात हा शेवटचा. त्याच्या आधी किती हात लागलेले असतात! विडीचे पान म्हणजे टेंभुर्णीचे पान. विदर्भात त्यास तेंदूपत्ता म्हणतात. पूर्वी आपल्या बाजूला आपट्याच्या पानाच्याही विड्या वळत. दसऱ्याला आपण जे सोने म्हणून लुटतो, तेच पान. उन्हाळ्याच्या तोंडाला टेंभुर्णीची झुडपे छाटतात, म्हणजे कोवळी, मऊ पालवी फुटते. मग एप्रिल-मेच्या उन्हात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या रानांत बायामुले पाने खुडतात, ७०-७० पानांच्या जुड्या बांधतात आणि मोकळ्या जागेवर वाळत घालतात. ऐन वाळवणात वळवाचा पाऊस पडला की पानावर डाग पडतात. ते पान पुढे कोणाच्याही हाती गेले, तरी त्याची खोड जात नाही.

तंबाखूचीही तीच कथा. विडीची तंबाखू मुख्यत्वे गुजरातेतील चरोतरातून आणि आपल्या सीमेवरील निपाणीच्या परिसरातून येते. ज्या मातीत वा पाण्यात मिठाचा अंश अधिक, तेथील तंबाखू नीट पेट धरीत नाही. पानात पालाश असेल तर ती चांगली धुमसते. म्हणजे विडीच्या जळण्याचा निम्मा निकाल शेतकऱ्याच्या विहिरीतच लागून गेलेला असतो. पुढे कारखानदार निरनिराळ्या गावांच्या तंबाखूंचे मिश्रण करतो. त्यात काय किती घातले, हे वळणाऱ्या बाईला कोणी सांगत नाही.

अशी वाटचाल करून पान आणि तंबाखू तिच्या मांडीवरच्या सुपात येतात. ती पान भिजवते, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, वळते, दोरा गुंडाळते, तोंड दुमडून बंद करते. अशा हजार विड्या झाल्या म्हणजे तिच्या मजुरीचा एक हिशेब पुरा होतो. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, निपाणी, कामठी ही या धंद्याची नामांकित गावे. आमची भिवंडी कापडाची. तरी पद्मनगराच्या बाजूला तेलुगू विणकरांच्या घरी नवरा मागावर आणि बायको सुपावर, हे चित्र आम्ही कितीतरी वर्षे पाहिले आहे.

संध्याकाळी विड्या ठेकेदाराकडे जातात. तेथे तपासनीस जुडीतून मूठभर विड्या उचलतो, बोटांत फिरवतो, आणि ज्या पसंत नाहीत त्या बाजूला टाकतो. या बाजूला टाकण्याला ‘छाट’ म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. एवढ्यावर भागते तर एक वेळ समजता आले असते. पण छाटलेल्या विड्याही पुष्कळदा बाईला परत मिळत नसत. माल वाईट म्हणून पैसे नाहीत, आणि वाईट मालही मालकाचाच! शिवाय छाटीमुळे तंबाखू कमी भरली, की तीही तिच्याच नावावर.

तीसएक वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. कारखान्याचे नाव नको. श्रावणातले दिवस होते. एका वयस्क बाईच्या, जिला आम्ही सारे अक्का म्हणत असू, बऱ्याच विड्या तिरक्या जळतात म्हणून छाटल्या गेल्या. आम्ही तपासनिसाला म्हटले, “छाटीतली एक आणि पसंतीतली एक, दोन्ही पेटवून पाहू.” पेटवल्या. दोन्ही सारख्याच तिरक्या जळाल्या. पान एकाच ओलसर जुडीतले होते. तपासनीस म्हणाला, “मला विडीतले कळत नाही, मी ओढत नाही. मला सांगितले आहे इतक्या काढायच्या, तितक्या काढतो.” त्या प्रामाणिक माणसाचा आम्हाला राग आला नाही. सारी गोम त्याच्या एका वाक्यात उघडी पडली होती. छाट विडी पाहून ठरत नव्हती, आधीच ठरलेली होती.

या छाटीला कायद्याने लगाम घालण्याचा यत्न जुना आहे. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, १९५८ साली, सरकारने त्या कायद्याखाली विडीमजुरांचे दर ठरवणारी अधिसूचना काढली, आणि तीतच छाट किती काढावी, तिच्या मजुरीचे काय करावे, वाद झाल्यास कोणी निवाडा करावा, याचीही कलमे घातली. गोंदियाच्या विडी-व्यापाऱ्यांची संघटना न्यायालयात गेली. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने छाटीची ती कलमे रद्द ठरवली. कारण असे की, किमान वेतनाचा कायदा सरकारला दर ठरवण्याचा अधिकार देतो. माल पसंत की नापसंत या वादात शिरण्याचा देत नाही.

हा निकाल आम्ही प्रथम वाचला तेव्हा मनात चरफडलो. शब्दकोश शेजारी ठेवून पुन्हा वाचला, तेव्हा न्यायालयाचे म्हणणे ध्यानात आले. ते छाट न्याय्य आहे असे म्हणत नव्हते. सरकारने धरलेली वाट या कायद्यातून जात नाही, असे म्हणत होते. पण वळणाऱ्या बाईच्या दृष्टीने फरक काय? दर हजारी वाढला आणि छाटही वाढली, तर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने गेले. छाटीला हात न लावता ठरवलेला दर म्हणजे बुडाला भोक असलेला हंडा.

हे भोक १९६६ साली बुजवण्यात आले. संसदेने विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या ३९ व्या कलमात तीन वादांचा एकत्र उल्लेख होता: मालकाने दिलेला कच्चा माल, मालकाने नापसंत केलेली विडी, आणि नापसंत विडीची मजुरी. हे वाद सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, असे त्यात म्हटले होते. राज्यांच्या नियमांनी छाटीला शेकडेवारीची मर्यादा घातली. घरी बसून वळणारी बाईही कामगारच, हेही त्या कायद्याने मान्य केले. मालक पुन्हा न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

अक्काला आम्ही ते कलम मराठीत सांगितले. तिने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “पान ओले दिले, ते पण लिहिले आहे?” आम्ही म्हटले, “हो, पहिल्यांदा तेच लिहिले आहे.” ती म्हणाली, “मग लिहिणाऱ्याने कधी तरी विडी वळली असेल.” कायद्याची याहून मोठी स्तुती आम्ही ऐकलेली नाही. अर्थात कलम कागदावर असणे आणि बाईच्या पदरात पडणे यांत अंतर आहे. जिच्या नावाचे कार्ड नाही, जिच्या हजेरीची नोंद नाही, ती वाद मांडणार कोठे? आता तर १९६६ चा तो कायदा, २०२० साली मंजूर झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत विलीन झाला आहे. पुस्तक बदलले, तरी सुपासमोरचा प्रश्न बदलत नाही.

श्रोतेहो, हा प्रश्न विडीपुरता नाही, हे भिवंडीकरांना आम्ही सांगावयास नको. सूत कच्चे आले, ताणा तुटत राहिला, कापडावर डाग पडला, की कपात कोणाच्या मजुरीतून होते? मागावर उभा असतो त्याच्या. सूत निवडणारा निराळा, पण कपड्याजवळ शेवटचा हात विणकराचा. म्हणून दोषही त्याचा. माल बिघडला की शेवटचा हात पकडावयाचा, ही रीत सोपी आहे, न्याय्य नाही. विडी एकसारखी जळावी असे ज्यास वाटते, त्याने रान, विहीर, गोदाम आणि सूप ही सारी वाट एकदा मागे चालत पाहावी. मग दोषाची वाटणीही एकसारखी करावी लागेल.