स्केनेक्टडीचा विजेचा ट्रॅक्टर

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा विजयी पक्षाचे भाट असतात. जें यंत्र बाजारांत टिकलें तें गुणानें श्रेष्ठ होतें, आणि जें नाहींसें झालें त्यांत कांहींतरी मूळचें वैगुण्य असलें पाहिजे, असा निर्णय ते आधींच मनाशीं ठरवितात व मग त्यास अनुकूल अशीं कारणें गोळा करीत बसतात. विजेच्या वाहनांच्या बाबतींत हा प्रकार विशेष आढळतो. बॅटरीवरील मोटारी हल्लीं रस्तोरस्तीं दिसूं लागल्या आहेत; पण त्या चालू शतकाचें अपत्य होत, पूर्वीं कोणास हें साधलेंच नव्हतें, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज आहे. तो किती निराधार आहे हें दाखविण्यास एक लहानसें यंत्र पुरेसें आहे. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें न्यूयॉर्क राज्यांतील स्केनेक्टडी येथें तयार करून 1969 सालीं बाजारांत आणलेला ‘इलेक-ट्रॅक’ नांवाचा बागेंतला ट्रॅक्टर, हें तें यंत्र होय.

त्याची वंशावळ मात्र बरीच जुनी आहे. विजेनें जमीन नांगरण्याचा प्रयोग फ्रान्समधील सेर्मेझ या गांवीं साखरेच्या कारखान्याच्या शेतांत क्रेत्यां व फेलीक्स या गृहस्थांनीं 1879 सालीं केला. कारखान्यांतील जनित्रापासून तारेनें वीज आणावयाची, शेताच्या कडेस उभ्या केलेल्या गाड्यांवरील मोटरींनीं दोर गुंडाळावयाचा, व त्या दोरानें नांगर ओढावयाचा, अशी ती योजना होती. शिशाची बॅटरी त्यापूर्वीं वीस वर्षें, म्हणजे 1859 सालीं, प्लान्ते यानें सिद्ध केली होतीच. पुढें 1900 सालीं अमेरिकेंत ज्या सुमारें चार हजार मोटारी तयार झाल्या, त्यांत दीड हजारांहून अधिक विजेच्या होत्या, आणि पेट्रोलच्या त्याहून कमी! विजेच्या गाडीचा पराभव झाला तोही मोठ्या चमत्कारिक रीतीनें. पेट्रोलचें एंजिन हातानें दांडा फिरवून सुरू करावें लागे. त्यांत मनगटें मोडत. केटरिंग यानें शोधलेली विजेची लहान मोटर 1912 सालीं कॅडिलॅक गाडीवर बसली आणि तो त्रास संपला. विजेच्या गाडीस घरभेद्या भेटला तो विजेचाच.

आतां बागेंतला ट्रॅक्टर म्हणजे काय, हें आपल्याकडील वाचकांस थोडें सांगितलें पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंतील मध्यम वर्ग शहरें सोडून उपनगरांत राहावयास गेला. घराभोंवतीं अर्धा-एक एकर, कोठें दोन-तीन एकर जमीन, आणि ती सारी हिरवळ! या हिरवळीचें गवत दर आठवड्यास कापणें हा तेथील गृहस्थाचा नित्यनेमच होऊन बसला. आपल्याकडे अंगणांत सडा घालण्यास जी प्रतिष्ठा होती, तीच तिकडे या कापणीस आहे असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. शिवाय स्केनेक्टडीकडे हिंवाळ्यांत बर्फ पडतें. दारापासून रस्त्यापर्यंतचें तें बर्फ बाजूस सारण्यासही हेंच वाहन उपयोगी पडतें.

इलेक-ट्रॅकमध्यें सहा-सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, मिळून छत्तीस व्होल्ट, अशी मांडणी होती. या बॅटऱ्या गोल्फच्या मैदानांतील गाड्यांत घालतात त्याच जातीच्या. ट्रॅक्टर ओढण्यास एक मोटर. आणि गवत कापणाऱ्या पात्यांस प्रत्येकीं निराळी मोटर, म्हणजे पट्टे व कप्प्या यांची यातायात नाहीं. बर्फ फेकण्याचें यंत्र त्याच बॅटऱ्यांवर चाले. करवत किंवा कुंपण छाटण्याची कातरी जोडावयाची तर त्यासाठींही सोय केलेली होती. रात्रीं घरच्या विजेवर तार लावून ठेवली कीं सकाळीं ट्रॅक्टर तयार.

यांतील बॅटऱ्यांचें वजनच दीडशे किलोंहून अधिक भरे, आणि त्यांत सांठलेली वीज हिशेबानें पाहिली तर एका लिटर पेट्रोलमधील शक्तीहून अधिक नाहीं. पेट्रोलचें लहान एंजिन त्या शक्तीचा पाऊण हिस्सा अगर त्याहूनही अधिक उष्णतेंत घालवितें, हें खरें. तरीही हा व्यवहार मोटारगाडीस परवडणारा नव्हे. पण ट्रॅक्टरची गोष्ट निराळी आहे. ट्रॅक्टरच्या चाकांनीं जमीन घट्ट धरावी लागते. त्यासाठीं पेट्रोलच्या ट्रॅक्टरवाले चाकांस लोखंडाचीं वजनें बांधतात, टायरांत पाणी भरतात. येथें तें वजन आयतेंच मिळालें. आणि अंतराचें म्हणाल, तर हा ट्रॅक्टर घरापासून शंभर-दोनशे पावलांपलीकडे जातोच कोठें? वीज वाटेंत संपण्याची जी भीति विजेच्या गाडीस नेहमीं घातली जाते, ती येथें मुळींच लागू पडत नाहीं. म्हणूनच हें उदाहरण आम्हांस महत्त्वाचें वाटतें. बॅटरीचे सर्व दोष जेथें निष्प्रभ होतात, किंबहुना गुण ठरतात, असें काम कंपनीनें नेमकें हेरलें होतें.

असें असूनही 1975 च्या सुमारास तें सारें आटोपलें. योगायोग असा कीं, 1973 च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल अडवून धरलें आणि कांहीं महिन्यांतच तेलाची किंमत चौपट झाली. विजेच्या ट्रॅक्टरास याहून अनुकूल काळ कोणता? परंतु त्याच सुमारास जनरल इलेक्ट्रिक या धंद्यांतून अंग काढून घेत होती, व हे ट्रॅक्टर इंडियाना राज्यांतील व्हील हॉर्स या कंपनीच्या नांवानें विकले जाऊं लागले. तेथेंही ते फार दिवस तगले नाहींत. किंमत पेट्रोलच्या ट्रॅक्टरपेक्षां अधिक होती, हें कारण सर्वच देतात. आमच्या मतें तें अपुरें आहे. गांवोगांव ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानदाराचें पोट विक्रीइतकेंच दुरुस्तीवर चालतें. तेल बदलणें, कार्ब्युरेटर साफ करणें, पट्टे चढविणें, हें त्याच्या कारागिरास डोळे मिटून येई. रिले आणि फील्डची वेटोळीं पाहून तो बावरे. ज्या मालास दुकानदार बिचकतो त्याची तो गिऱ्हाइकाजवळ शिफारस काय करणार?

आणि तरीही ते ट्रॅक्टर मेले नाहींत. अर्धशतक उलटून गेल्यावरही अमेरिकेंत हौशी लोक ते चालवितात. याचें रहस्य त्यांच्या साधेपणांत आहे. विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे रिले, वेग नियंत्रित करणारे रोध, मोटरीचे कार्बनचे ब्रश, सारें उघडून डोळ्यांनीं पाहण्यासारखें. बॅटऱ्या तर गोल्फगाड्यांच्या असल्यामुळें कोठेंही मिळतात.

या वंशांतील आजचा एक ट्रॅक्टर गेल्या वर्षीं अमेरिकेंत भाच्याकडे गेलों असतां आम्हांस स्वतः चालवून पाहतां आला. किल्ली फिरविली तरी कांहींच ऐकूं येईना. ‘सुरू झाला काय रे?’ असें विचारण्याची पाळी आली. पाय दाबतांच तो निमूटपणें चालूं लागला. पातीं जोडल्यावर मात्र आवाज होतो, पण तो पात्यांचा, एंजिनाचा नव्हे. शेजारच्या झाडावरील पक्षी उडाले नाहींत. कोरड्या गवतांत आंकडा सावकाश उतरत होता. सावलींतल्या ओल्या, दाट गवतांत शिरतांच तो भराभर खालीं आला. लिथियमच्या बॅटऱ्या वजनास हलक्या, म्हणून चढावर मागचीं चाकें किंचित् घसरलीं, हेंही नमूद करतों. एकंदरींत वाहन सुखाचें. परंतु आसनाखालीं काय आहे असें विचारतां भाच्यानें सांगितलें, ‘मामा, तें उघडावयाचें नसतें. बिघडलें तर अख्खा भागच बदलून मिळतो, आणि तो येईपर्यंत गवत वाढत राहतें.’

आपल्या देशांतही 2020 सालीं सोनालिका कंपनीनें विजेचा ट्रॅक्टर आणला. दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें आपला ट्रॅक्टर 2023 सालीं पुढें ठेवला. बॅटरी किती तास पुरेल याची चर्चा होते, आणि ती व्हावीच. पण विहिरीवरील पंपाची मोटर जळाली तर तालुक्याच्या गांवीं ती दुसऱ्या दिवशीं गुंडाळून देणारा वाइंडिंगवाला आज आहे. या नव्या ट्रॅक्टरांचा नियंत्रक उघडून पाहणारा माणूस त्याच बाजारपेठेंत कोण व केव्हां बसणार, याची विचारपूस आमच्या शेतकऱ्यानें पैसे मोजण्यापूर्वीं केलेली बरी.