कणसं उरली, शेतं गेली

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या उपनगरांतले ईस्ट इंडियन ख्रिस्ती आगेरा साजरा करतात. नव्या भाताची कणसं वाजतगाजत चर्चमध्ये येतात, धर्मगुरू आशीर्वाद देतात, मग मिस्सा होते. ही उपनगरं ज्यावर आहेत ते साष्टी बेट १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेलं, पण नव्या पिकाचा पहिला वाटा देवाला देण्याची चाल कोकणात त्याहून जुनी. बायबलच्या जुन्या करारातही प्रथमफळांच्या अर्पणाची आज्ञा आहेच. या दोन्ही धारा आगेऱ्यात मिसळल्या. माणसाला पृथ्वीवर सत्ता देणाऱ्या ख्रिस्ती विचारातच पर्यावरणाच्या नाशाचं मूळ आहे, असं इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये मांडलं. आगेरा नेमकं उलट सांगतो: पीक माझं नाही, मला मिळालेलं आहे.

मात्र कृतज्ञतेने जमीन वाचत नाही, आणि व्हाइट यांच्यापेक्षा हा आक्षेप जड आहे. मरोळजवळ जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेल्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या आवारात आहेत. हे निर्यात क्षेत्र १९७३ चं. भोवतालची भातशेती भूसंपादनात आणि इमारतींखाली गेली. सगळी सक्तीनेच गेली म्हणणं सोयीचं, पण अपुरं, काहींनी विकलीही. जुन्या काळाला सोवळं ठरवण्यातही अर्थ नाही. पोर्तुगीज अमदानीत धर्मसंघ स्वतःच मोठे जमीनदार होते, आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात त्यांनी चर्च थाटलं होतं. आगेरा मात्र टिकला. शेत नसलेल्या गावठाणात त्यासाठी कणसं बाहेरून आणावी लागतात, आणि आभार कशाचे मानायचे हा प्रश्न तिथे अवघड होतो.

खाडीपलीकडे वसईत निराळं घडलं, कारण तिथल्या ख्रिस्ती बागायतदारांकडे विहिरी आणि वाड्या शिल्लक होत्या. टँकरसाठी बेसुमार पाणी उपसलं जाऊ लागलं, विहिरी खाऱ्या होण्याची भीती दिसू लागली, बिल्डरांची नजर हिरव्या पट्ट्यावर पडली. तेव्हा, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यात उतरले. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं परिपत्रक आलं २०१५ मध्ये. म्हणजे वसईला रोमच्या आदेशाची वाट पाहावी लागली नाही. श्रद्धेने बळ दिलं, पण लढण्याचं कारण विहिरीने पुरवलं. हा शेवटी मालमत्तेचाच लढा होता, असं कुणी म्हणेल. असेना, ज्या जमिनीवर पोट आहे तिची काळजी उसनी नसते. बांधकामं वसईतही थांबली नाहीत. तरी २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, तेव्हा अनेक गावांनी तिच्यात जायला विरोध केला, आणि त्या वादाच्या मुळाशी पुन्हा जमीनच होती.