टोकं कशी धरली आहेत?

खराट्याचा एक हीर घ्या आणि त्याची दोन टोकं दोन तळहातांमध्ये धरून हळूहळू दाबा. थोडा वेळ काहीच होत नाही. मग एकाएकी त्याची कमान होते. डावीकडे वाकेल की उजवीकडे, हे आधी सांगता येत नाही. या कमानीचा नेमका आकार कोणता, हा प्रश्न बाझलच्या याकोब बर्नुली यांनी १६९१ मध्ये विचारला होता. पुढे त्यांचे पुतणे डॅनिएल यांनी १७४२ साली लेनर्ड ऑयलर यांना पत्रातून एक युक्ती सुचवली आणि १७४४ मध्ये ऑयलरनी आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत अशा सगळ्या कमानींचे नऊ प्रकार मांडले.

समीकरण दिसायला साधं आहे. दाबाच्या रेषेपासून हीर जिथे जितका दूर, तिथे त्याचं वळण तितकं घट्ट. या घट्टपणालाच गणितात वक्रता म्हणतात. पण इथे दुप्पट भाराला दुप्पट बाक असा सरळ हिशेब नाही. एका मर्यादेपर्यंत बाक शून्य, आणि ती ओलांडली की एकाच भाराला एकाहून अधिक उत्तरं!

त्यातही ही मर्यादा ठरते टोकांवर. दोन्ही टोकं बिजागरीसारखी फिरती असताना खांब जेवढा भार पेलतो, त्याच्या चौपट भार तो दोन्ही टोकं घट्ट रोवल्यावर पेलतो. एक टोक रोवलेलं आणि दुसरं मोकळं असेल तर जेमतेम पाव. खांब तोच, लोखंड तेच, आणि फरक सोळापट! विद्यार्थिदशेत आम्ही हे आकडे पाढ्यांसारखे पाठ केले. त्यामागचा इतिहास कुणी सांगितला नाही, याची मला आजही चुटपुट वाटते.

पुढे नोबेल मिळवणारे माक्स बोर्न यांचा डॉक्टरेटचा प्रबंधही याच विषयावर होता. टोकं निरनिराळ्या तऱ्हांनी धरली तर वाकलेली पट्टी कुठवर स्थिर राहते, हे त्यांनी १९०६ मध्ये ग्यॉटिंगेनला गणिताने आणि प्रयोगानेही दाखवलं. (हेच बोर्न १९३५-३६ मध्ये सहा महिने बंगळूरला रामन यांच्याकडे येऊन राहिले होते.)

त्याच्या पुढच्याच वर्षी कॅनडात क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर प्रचंड पूल उभा राहत होता. दाब सोसणाऱ्या त्याच्या खालच्या तुळया जाड पोलादी पत्र्यांच्या होत्या. पण त्या पत्र्यांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या तिरप्या पट्ट्या कमजोर होत्या. २७ ऑगस्टला एका तुळईत दोन इंचांहून जास्त बाक मोजला गेला. सल्लागार अभियंते थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये होते. भार वाढवू नका, अशी तार त्यांनी २९ तारखेला केली, पण ती पुलावर नव्हे, पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याकडे. पुलावर काम चालूच राहिलं. त्याच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूल कोसळला. त्यावर असलेल्या ८६ माणसांपैकी ७५ गेली.