पार्ले : गाव आणि उपनगर

भारतात कोठेही जा, आडगावच्या चहाच्या दुकानातही बिस्किटाच्या पुड्यावर एका खेड्याचे नाव छापलेले दिसते. ते नाव वाचणाऱ्या कोट्यवधी लोकांना पार्ले नावाचे एक गाव होते, तेथे भातशेती होती आणि आंब्या-माडांच्या वाड्या होत्या, याची कल्पनाही नसावी.

मुंबई बेटाच्या उत्तरेस, खाडीपलीकडे साष्टी. पोर्तुगीजांकडून ती १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिली. राजवटी बदलल्या तरी गावची माणसे तीच राहिली: कुणबी, कोळी, आगरी आणि पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झालेले त्यांचेच भाऊबंद. या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. घरात बोलायचे ते मात्र मराठीच. विलेपार्ले हे जोडनाव इर्ले आणि पार्ले या शेजारी गावांवरून पडले, असे सामान्यतः सांगितले जाते.

खेड्याचे उपनगर एका दिवसात झाले नाही. १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला, १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग आला. तरीही शहरातला माणूस इकडे बिऱ्हाड करायला निघाला नव्हता. त्याला खरा धक्का दिला तो १८९६ च्या प्लेगने. मांडवीत सुरू झालेल्या त्या साथीने मोकळ्या हवेचे मोल मुंबईकरांना पटवले. पुढे १९१५ चा नगररचना कायदा आला, शेतांचे भूखंड पडले, त्यांमधून रस्ते आखले गेले. १९२० मध्ये उपनगर जिल्हा स्वतंत्र झाला आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला पार्ले आता परवडण्याजोगे झाले.

परंतु केवळ गाडीने वस्ती वाढते, गाव बनत नाही. पार्ल्याचे वैशिष्ट्य असे की, येथे आलेल्या मध्यमवर्गाने बिऱ्हाड थाटतानाच संस्थाही उभारल्या. १९२० मध्ये लोकमान्य निवर्तले. पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले, १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ. १९३४ मध्ये गुजराती मंडळींनी केळवणी मंडळ काढले. टिळक विद्यालयातच पु. ल. देशपांडे शिकले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तर येथील छावणी साऱ्या मुंबई इलाख्याच्या नजरेत भरली. जमनालाल बजाज तिच्या अग्रभागी होते. दहा वर्षांपूर्वी जेमतेम आकार घेऊ लागलेल्या वस्तीला हे साधावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

१९२९ मध्ये येथे एक मिठाईचा कारखाना निघाला. चौहान कुटुंबाने त्याला गावाचेच नाव दिले. काही वर्षांनी तेथे बिस्किटे होऊ लागली आणि डोळे मिटून बसलेल्या प्रवाशालाही भट्टीच्या वासाने स्टेशन ओळखू येऊ लागले. १९५० मध्ये पार्ले मुंबई महापालिकेत सामील झाले. त्याचे ग्रामपण कागदावरूनही गेले.

महसुलाच्या कामाशी संबंध असलेल्या माणसाला येथे एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. या साऱ्या इतिहासात आपण नव्याने आलेल्यांचे कर्तृत्व सांगतो; ज्यांच्या शेतांवर भूखंड पडले त्यांचे काय झाले, हे क्वचितच सांगतो. शेत गेले की कुणब्याचा धंदा जातो. भरपाईची रक्कम किती दिवस पुरणार? जे शिल्लक उरले ते गावठाण: नगररचनेच्या सरळ रेघांमध्ये शिरलेल्या वाकड्या गल्ल्या, उतरत्या कौलांची घरे, वळणावरचा क्रूस. गावठाणातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीने चालत आलेली. त्यामुळे इमारतींच्या रेट्यात मालकी सिद्ध करताना तेथील कुटुंबांची दमछाक होते. मुंबईतल्या गावठाणांच्या सीमा मोजून नोंदवाव्यात, ही तेथील रहिवाशांची मागणी म्हणूनच जुनी आहे, आणि माझ्या मते रास्तही.

२०१६ मध्ये तो बिस्किटांचा कारखाना बंद झाला. बिस्किटे आता अन्यत्र होतात. पुड्यावर नाव मात्र पार्ल्याचेच आहे.