दामोदर हॉल, परळ

दामोदर हॉल : मुंबईच्या गिरणगावातील जुने सभागृह व नाट्यगृह. पूर्ण नाव दामोदर ठाकरसी मूळजी हॉल. परळमध्ये, आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गालगत, सोशल सर्व्हिस लीग या संस्थेच्या आवारात ते १९२२ साली उभे राहिले. कामगारांची नाटके, नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार, रात्रशाळा, सभा आणि चळवळी यांना या वास्तूने शंभर वर्षे जागा दिली. २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी ती बंद करण्यात आली.

हॉलला नाव मिळाले ते गिरणीमालक दामोदर ठाकरसी मूळजी यांचे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांचे हे वडील. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदासांनी दिलेल्या देणगीतून आई नाथीबाईंचे नाव शिक्षणक्षेत्रात कायमचे राहिले. वडिलांचे नाव मात्र पुस्तकांपेक्षा परळ-लालबागच्या माणसांच्या तोंडी जास्त राहिले. ‘दामोदरला प्रयोग आहे’ एवढे म्हटले की पत्ता सांगावा लागत नसे.

नाव मालकाचे असले तरी संस्था कामगारांसाठी झटणाऱ्यांची होती. सोशल सर्व्हिस लीगची स्थापना नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) यांनी १९११ साली केली. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे जोशी हे गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सभासद होते. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ते गेले आणि पुढच्याच वर्षी आयटक (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस) या संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. लोअर परळच्या डिलाईल रोडला आज त्यांचे नाव आहे. लीगने रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, सहकारी पतपेढ्या, औषधपाणी, गिरणीकामाचे तांत्रिक शिक्षण अशी अनेक कामे हाती घेतली. जोशींचा मार्ग मवाळ, सनदशीर. १९२८ च्या गिरणी संपातून पुढे आलेल्या, कम्युनिस्टांच्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनला तो मान्य नव्हता, आणि त्या वादात दोन्ही बाजूंनी कडक भाषा वापरली गेली. तरीही लीगचे एक श्रेय कोणाला नाकारता येणार नाही: कामगाराला पगाराइतकीच वाचनाची, खेळाची, करमणुकीची आणि चार माणसांत बसण्याची गरज असते, हे तिने फार लवकर ओळखले.

ही गरज किती होती, हे त्या काळच्या चाळी पाहिल्या की कळते. १९२१ च्या सुमारास मुंबईत बायकांची संख्या पुरुषांच्या जवळपास निम्मी होती. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला माणूस बायकामुले गावी ठेवून एकटा राहायचा. दहा-बाय-दहाच्या खोलीत दहा-पंधरा गाळेकरी पाळीपाळीने झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रात्रपाळीवाल्याची वळकटी पसरायची. जेवण खानावळीत. गावच्या मंडळाची बैठक जिन्यात, नाहीतर गच्चीवर. अशा वस्तीला मोठे छत, रंगमंच आणि मोकळे आवार मिळाले ही साधी सोय नव्हती. केईएम रुग्णालयसुद्धा परळला हा हॉल झाल्यानंतर चार वर्षांनी, १९२६ मध्ये आले.

हॉलच्या इतिहासातले सर्वांत मोठे पान मात्र नाटकाचे नाही. विलायतेहून परतून नुकतीच वकिली सुरू केलेल्या डॉ. भीमराव आंबेडकरांनी ९ मार्च १९२४ रोजी इथेच सभा बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी एखादी मध्यवर्ती संस्था काढावी, हा तिचा विषय. त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड आणि कार्यकारी मंडळाच्या प्रमुखपदी स्वतः बाबासाहेब होते. सभेचे कार्यालयही दामोदर हॉलमध्येच होते. तेव्हा बाबासाहेब जवळच पोयबावडीच्या बीआयटी चाळीत राहत. महाडच्या १९२७ च्या सत्याग्रहामागे जी संघटना उभी होती तिचा पत्ता परळचा होता, हे गिरणगावाच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदवायला हवे. गिरण्यांच्या विणखात्यात अस्पृश्य कामगारांना शिरू दिले जात नसे. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि त्यात विटाळ होतो, अशी सबब दिली जाई. अशा वस्तीच्या मधोमध त्यांना हक्काने बसता येईल असे कार्यालय होते.

१६ जून १९३६ रोजी याच हॉलमध्ये बाबासाहेबांनी कामाठीपुऱ्यातल्या जोगतिणी, मुरळ्या आणि देवदासी यांच्या सभेत भाषण केले. धर्मांतराच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. समाजाबरोबर यायचे असेल तर हे अपमानाचे जिणे सोडावे लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्या स्त्रियांना इतर कोणत्याही सभागृहाची पायरी चढता आली नसती, त्यांच्यासाठी या हॉलचे दार उघडे होते.

रंगमंचावर दामोदरची ओळख घडवली ती हौशी कामगार कलावंतांनी. आवारातच सहकारी मनोरंजन मंडळ होते. कामगार वस्तीतल्या नटांना घेऊन ते नाटके बसवी. पाळी सुटल्यावर तालीम, आणि सुटीच्या दिवशी प्रयोग. नाटकाला आलेला प्रेक्षक नटाला ओळखायचा. तो कालपर्यंत त्याच्याच साच्यावर, त्याच्याच खात्यात काम करत असायचा.

कोकणातून आलेल्या मंडळींनी तर गावची जत्राच इथे आणली. रत्नागिरीचे नमन पाहावे: मृदंग आणि झांजेचा ठेका धरून आधी देवदेवतांना नमन, मग गण, मग गवळणींना अडवणारा कृष्ण, पेंद्या आणि मावशी, आणि शेवटी वग. बायकांची कामे पुरुषच करत. लुगड्याचा पदर सावरत मावशी आली की पहिल्या रांगेपासून गॅलरीपर्यंत हशा पिके. काळ्या कपड्यांतला, उंच टोकदार टोपीचा संकासूर कमरेची घुंगरे वाजवत आला की लहान पोरे आईच्या मागे दडत. शक्ती-तुऱ्यात दोन शाहीर समोरासमोर उभे राहत. एक शक्तीचा कैवारी, दुसरा तुरेवाला. सवालाला सवाल भिडत रात्र चढत जाई. सिंधुदुर्गाकडच्या लोकांचा जीव दशावतारात.

या प्रयोगांमागचा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. बरेच प्रयोग एखाद्या गावच्या ‘मुंबईकर’ ग्रामस्थ मंडळाने लावलेले असत. तिकिटाऐवजी देणगी प्रवेशिका छापल्या जात. गावातल्या प्रत्येक चाकरमान्याच्या गळ्यात चार-पाच प्रवेशिका पडत आणि त्या त्याने खात्यात, चाळीत खपवायच्या. जमलेल्या पैशातून गावी देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, नाहीतर विहिरीचा कठडा होई. हॉलचे भाडे परवडण्यासारखे असल्यानेच हे जमत होते. म्हणून दामोदरची मोजदाद केवळ गाजलेल्या नाटकांवरून करणे अपुरे ठरते. इथल्या एका रविवारच्या प्रयोगाने कोकणातल्या किती गावांत काय उभे राहिले, हे त्या त्या मंडळांच्या वह्यांत नोंदलेले असते. त्या वह्या आता शोधून जपायला हव्यात. शतकभराच्या सामाजिक इतिहासाचा तो फार मोलाचा ऐवज आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि १९९१ च्या विकास नियमावलीनंतर त्यांच्या जमिनींवर मॉल व मनोरे चढले. कामगार विरार, बदलापूर, पनवेलकडे पांगले, कित्येक गावी परतले. तरी दामोदर चालू राहिले. उपनगरांत विखुरलेली गावकरी मंडळे सुटीला लोकलने परळला येत, कारण मध्य आणि पश्चिम दोन्ही रेल्वेमार्गांवरून येणाऱ्यांना ते सोयीचे होते. २०२३ मध्ये ते बंद झाले तेव्हा लोककलावंत आणि नाट्य परिषद रस्त्यावर उतरली ती याच कारणाने. त्याच जागी, आहे त्यापेक्षा लहान नसलेले आणि भाडे परवडेल असे नाट्यगृह व्हावे, ही त्यांची मागणी. ती पूर्णपणे रास्त आहे. इथे केवळ आसनांचा हिशेब करून भागणार नाही.

दामोदरसारखी वास्तू पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला का आली नाही, हाही प्रश्न या नोंदीत विचारायला हवा. गिरणगाव ओसरत असताना महाराष्ट्रातल्या कामगारांचे केंद्र तिकडे सरकत होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, वसाहत, शाळा आणि मोठे मैदान घेऊन. साठच्या दशकात बजाज आणि टेल्को (आजची टाटा मोटर्स) आल्या. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. गिरणगावात एका छताखाली चालणारी कामे इथे वाटली गेली. करमणूक आणि कला कंपनीकडे गेली; टेल्कोच्या कामगारांच्या ‘कलासागर’ने नाटके केली, दिवाळी अंक काढले. शिवणवर्ग, वाचनालय, नाट्यस्पर्धा ही कामे १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांनी सांभाळली. त्यासाठी कामगाराच्या पगारातून आणि मालकाकडून वर्गणी घेतली जाते. मोठी नाट्यगृहे महापालिकेने बांधली: संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह. सोयी दामोदरपेक्षा कितीतरी चांगल्या. जानेवारी २०२४ मध्ये, दामोदर बंद होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा, शंभरावे नाट्यसंमेलन डॉ. जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले.

पण कामगारांची सभा आणि कामगारांचे नाटक एकाच दारातून आत जाते, अशी जागा या पट्ट्यात तयार झाली नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे संपकरी उपोषणाला बसले ते पिंपरीत नव्हे, पुण्यात शनिवारवाड्यावर. पुढे चाकणला फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा यांचे कारखाने आले. तिथला कंत्राटी कामगार मराठवाडा-विदर्भातून आणि परप्रांतांतून येतो, महाळुंगे, नाणेकरवाडी, खराबवाडीत खोली भाड्याने घेऊन तिघे-चौघे मिळून राहतो. १९२२ च्या गाळेकऱ्याची गरज आज त्याची आहे. चाकण पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने पालिकेची नाट्यगृहे त्याच्यापासून दूर पडतात, आणि दुसऱ्या पाळीची कंपनीची बस त्याला खोलीशी सोडते तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते.